व्यत्ययाबद्दल क्षमस्व

भुताच्या गोष्टीला पूर्वी पिंपळ लागत असे, पडकी विहीर लागत असे, निदान अमावास्येची रात्र तरी लागत असे. आता यातले काहीच लागत नाही. हातातला मोबाइल पुरतो.

गेल्या ऑक्टोबरातली गोष्ट. वसतिगृहाच्या गच्चीवर आम्ही चार-पाच जण बसलो होतो. वीज गेली होती, डास भरपूर होते, आणि सत्र परीक्षा तोंडावर आल्यामुळे अभ्यास सोडून जगातल्या यच्चयावत विषयांवर चर्चा चालू होती. बोलता बोलता एका मित्राने आपला मोबाइल पुढे केला आणि आवाज खाली आणून सांगू लागला.

अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यात नायोब्रारा नावाची एक काउंटी आहे. काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा प्रकार. पण हिची वस्ती जेमतेम अडीच हजार. तिथल्या स्थानिक दूरचित्रवाणीवर एके दिवशी नेहमीचा कार्यक्रम चालू असताना पडदा एकाएकी काळा झाला. ‘विशेष कार्यक्रम’ अशी अक्षरे उमटली. मग एकामागून एक माणसांची मुंडकी दिसू लागली. धड नाही, मान नाही, नुसती करड्या रंगाची मुंडकी. कधी हसणारी, कधी रागावलेली, कधी कशाचाच पत्ता न लागू देणारी. मागे एक चमत्कारिक गुणगुण. सहाएक मिनिटांनी सारे पूर्ववत झाले. पण ज्यांनी ज्यांनी ते पाहिले त्यांना डोकेदुखी जडली, ओकाऱ्या झाल्या, भास होऊ लागले. तज्ज्ञांनी शोध घेतला, तेव्हा कळले की त्या गुणगुणीत सेकंदाला सतरा ते एकोणीस कंपनांचा एक सूर दडवलेला होता. त्या सुराने बुबुळे थरथरतात आणि नसलेल्या गोष्टी दिसू लागतात. ज्याने हे केले तो माणूस आजतागायत सापडलेला नाही!

एवढे सांगून मित्राने ती चित्रफीत दाखवली. आम्ही पाहिली. कुणी हसले, कुणी ‘बंद कर रे’ म्हणाले. मी मात्र एक उद्योग केला. तीच फीत, तीच गोष्ट, आणि वर ‘एकटी असशील तर पाहू नकोस’ अशी एक ओळ टाकून माझ्या धाकट्या मावसबहिणीला पाठवून दिली. ती नववीत आहे. रात्रीचे साडेअकरा वाजले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मावशीचा फोन आला. पोर रात्रभर झोपली नव्हती. पहाटे तिचे डोके इतके ठणकू लागले की ती रडायला लागली. सकाळी सहामाहीचा गणिताचा पेपर होता. तो अर्धा कोरा ठेवून ती घरी आली. “काय पाठवलं होतंस रे तिला?” मावशीने विचारले. माझ्याजवळ उत्तर नव्हते. आणि खरे सांगायचे तर मीही मनातून चरकलो होतो. डोकेदुखी? गोष्टीत सांगितली होती तशीच? म्हणजे त्या फितीत खरोखरच काही होते की काय?

हा लेख त्या प्रश्नाचा पाठपुरावा आहे.

पहिली गोष्ट लगेच कळली. वायोमिंगमध्ये असे काही घडलेच नव्हते. ही गोष्ट आणि ही फीत, दोन्ही या शतकाच्या पहिल्या दशकात इंटरनेटवरच्या काही हौशी मंडळींनी रचलेल्या एका कूटखेळाचा भाग होती. खोटी बातमी, खोटे पुरावे, त्यातून सोडवायची कोडी, असा तो खेळ. पुढे खेळ मागे पडला आणि गोष्ट तेवढी फिरत राहिली. दंतकथांचे असेच असते. जन्मदात्याचे नाव गळून पडले की त्या वयात येतात.

पण मग डोकेदुखीचे काय? शेजारच्या विज्ञान महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या एका सरांकडे मी गेलो. सरांनी माझे सगळे ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला, “तिने हे पाहिलं कशावर?”

“मोबाइलवर.”

“मग मिटलं,” सर म्हणाले. “मोबाइलच्या त्या चिमुकल्या कर्ण्यातून तबल्याचा डग्गासुद्धा धड ऐकू येत नाही. अठरा कंपनांचा सूर त्यातून कुठून निघणार?”

मग त्यांनी समजावून सांगितले. माणसाच्या कानाला साधारणपणे सेकंदाला वीस कंपनांपासून पुढचा आवाज ऐकू येतो. त्याखालच्या आवाजाला अवश्राव्य ध्वनी म्हणतात. तो परिणामकारक होण्याइतक्या जोराने निर्माण करायचा तर प्रचंड कर्णे लागतात, नाहीतर मोठाले पंखे किंवा यंत्रे. घरातल्या दूरदर्शन संचालाही ते काम झेपणारे नाही.

तरी गोष्टीतला तो आकडा अगदीच हवेतून आलेला नसावा. विक टँडी नावाचे एक इंग्रज अभियंते होते. वैद्यकीय उपकरणे बनवणाऱ्या एका प्रयोगशाळेत ते काम करीत. तिथे रात्री एकटे असताना त्यांना अकारण भीती वाटे, अंगाला घाम फुटे. एकदा तर डोळ्यांच्या कडेला करडी आकृती उभी असल्याचा भास झाला. टँडी तलवारबाजीचे शौकीन होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपल्या तलवारीचे पाते दुरुस्तीसाठी शेगड्यात आवळले, तर ते आपोआप थरथरू लागले. भूत सापडले ते तिथे! नव्याने बसवलेल्या हवा खेचणाऱ्या पंख्यामुळे त्या खोलीत सेकंदाला सुमारे एकोणीस कंपनांची लहर साचून राहिली होती. 1998 मध्ये त्यांनी एका सहकाऱ्यासमवेत यावर निबंध प्रसिद्ध केला, आणि डोळ्याच्या गोलकाचे स्वाभाविक कंपन याच सुमारास असते याकडेही लक्ष वेधले. या निष्कर्षांवर पुढे मतभेद झाले. दंतकथेने मात्र मतभेद वगळले आणि आकडा उचलला.

पडद्यावरच्या चित्राने माणूस आजारी पडूच शकत नाही का? पडू शकतो, आणि त्याचे उदाहरण प्रसिद्ध आहे. 16 डिसेंबर 1997 रोजी जपानमध्ये ‘पोकेमॉन’ या मुलांच्या मालिकेचा एक भाग दाखवला गेला. त्यात एका प्रसंगी लाल आणि निळा प्रकाश सेकंदाला सुमारे बारा वेळा लखलखत होता. त्या संध्याकाळी 685 मुलांना रुग्णालयात न्यावे लागले. काहींना फेफरे आले होते, अनेकांना मळमळ आणि चक्कर. मालिका चार महिने बंद राहिली आणि अशा लखलखाटावर पुढे नियम आले. तेव्हा चित्रातून इजा होऊ शकते हे खरे. पण ती एका विशिष्ट लखलखाटाने होते, करड्या मुंडक्यांनी नव्हे. माझ्या बहिणीला पाठवलेल्या फितीत तसला लखलखाट नव्हता. मी ती पुन्हा पाहिली, या वेळी भर दुपारी.

म्हणजे सूर नव्हता, लखलखाट नव्हता. उरली ती नुसती भीती. आता प्रश्न असा की एवढ्या कच्च्या गोष्टीवर आपला विश्वास बसतो कसा? त्याचे उत्तर शोधताना मला दोन खऱ्या घटना भेटल्या, आणि या खऱ्या घटना त्या खोट्या गोष्टीपेक्षा जास्त विचार करायला लावणाऱ्या निघाल्या.

त्या समजण्यासाठी दूरचित्रवाणीचा कार्यक्रम घरापर्यंत पोचत कसा असे, हे थोडे पाहायला हवे. छत्र्या आणि केबल येण्यापूर्वीची ही पद्धत. कार्यक्रम तयार होतो शहरातल्या स्टुडिओत. तिथून तो उंच जागेवरच्या प्रक्षेपकाकडे पाठवायचा आणि प्रक्षेपकाने तो चहूकडे फेकायचा. पुण्याच्या लोकांना सिंहगडावरचा दूरदर्शनचा मनोरा ठाऊक आहेच. उंच जागा निवडायची ती याचसाठी, की या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात, डोंगर आडवा आला की अडतात. पलीकडच्या मुलखासाठी मग दुसरा मनोरा. तो पहिल्याचे प्रक्षेपण आपल्या अँटेनाने झेलतो आणि पुढे देतो. याला सहक्षेपण म्हणतात. पाणक्यांनी ओळीने उभे राहून घागर हातोहात पुढे द्यावी, तसे.

आता गंमत अशी की, ओळीतला पाणक्या घागर देणाऱ्याचे तोंड पाहत नाही. समोर जी येईल ती घेतो.

दक्षिण इंग्लंडमध्ये हॅनिंग्टन येथे असाच एक मनोरा आहे. सदर्न टेलिव्हिजन या कंपनीचा कार्यक्रम तो वाइट बेटावरच्या रोरिज येथील मनोऱ्याकडून झेलून पुढे देत असे. 26 नोव्हेंबर 1977, शनिवार. संध्याकाळचे पाच वाजून दहा मिनिटे झाली होती. बातम्या चालू होत्या. एकाएकी चित्र किंचित हलले, निवेदकाचा आवाज बुडाला, आणि त्या जागी एक खोल, घुमणारा आवाज आला. चित्र मात्र बातम्यांचेच! त्या आवाजाने आपले नाव व्रिलॉन असे काहीसे सांगितले आणि आपण अंतराळातल्या अश्तार नामक सत्तेचे प्रतिनिधी असल्याचे जाहीर केले. मानवजातीने संहारक शस्त्रे टाकून द्यावीत, वेळ थोडा उरला आहे, शांततेने राहायला शिका, असा त्याचा उपदेश होता. तुमच्या जगात खोटे संदेष्टे आणि खोटे मार्गदर्शक वावरत आहेत, त्यांच्यापासून सावध राहा, असेही तो म्हणाला. हे सहाएक मिनिटे चालले. उपदेश संपला तेव्हा बातम्या संपून मुलांची व्यंगचित्रे लागली होती. घाबरलेल्या प्रेक्षकांनी फोन केले, कंपनीने दिलगिरी व्यक्त केली. करणारा सापडला नाही.

आकाशातून कोणी उतरले नव्हते. हॅनिंग्टनच्या आसपास कोणीतरी एक लहानसा प्रक्षेपक लावला होता, इतकेच. रोरिजचा मनोरा दूर, त्याच्या लहरी पोचेपर्यंत क्षीण झालेल्या. हा प्रक्षेपक दुबळा, पण जवळचा. दूरचित्रवाणीचा आवाज त्या काळी ज्या पद्धतीने पाठवला जाई, तिचा एक गुणधर्म आहे. एकाच जागी दोन आवाज आले तर ग्राहक यंत्र त्यांची खिचडी करीत नाही. जो जोरकस असेल तो संपूर्ण उचलते आणि दुसरा संपूर्ण टाकते. चित्राची पद्धत वेगळी होती. म्हणून चित्र तगले, आवाज गेला.

दुसरी घटना शिकागोची, 22 नोव्हेंबर 1987, रविवार. रात्री नऊच्या बातम्यांत डब्ल्यूजीएन वाहिनीवर खेळांचा वृत्तान्त चालू होता. अचानक पडदा काळा झाला आणि मॅक्स हेडरूमचा मुखवटा घातलेला एक इसम अवतरला. मॅक्स हेडरूम हे त्या वर्षांत गाजलेले एक पात्र. संगणकाने घडवलेला निवेदक म्हणून मिरवणारा, प्रत्यक्षात रंगभूषा चढवलेला एक नट. म्हणजे इथे नकलीची नक्कल होती. त्याच्या मागे पन्हाळी पत्रा डुलत होता. आवाज नव्हता, नुसती घरघर. अर्ध्या मिनिटाच्या आत तंत्रज्ञांनी स्टुडिओ आणि हॅनकॉक सेंटरवरचा प्रक्षेपक यांच्यातल्या दुव्याची वारंवारता बदलली आणि पाहुणा हाकलला गेला. क्रीडानिवेदक गोंधळून हसला आणि काय झाले ते मलाही कळले नाही, अशा अर्थाचे काहीतरी बोलून पुढे सरकला.

दोन तासांनी तोच इसम डब्ल्यूटीटीडब्ल्यू या दुसऱ्या वाहिनीवर आला. तिथे ‘डॉक्टर हू’ ही मालिका चालू होती. या वेळी आवाज होता, विकृत केलेला. असंबद्ध बडबड, हसणे, गुणगुणणे, आणि शेवटी माश्या मारायच्या जाळीने उघड्या पार्श्वभागावर फटके! हा प्रकार सुमारे दीड मिनिट चालला, कारण या वाहिनीचा प्रक्षेपक त्या वेळच्या सिअर्स टॉवरच्या माथ्यावर होता आणि तिथे त्या घटकेला एकही तंत्रज्ञ हजर नव्हता. नाटक आपणहून संपले तेव्हाच संपले. सरकारी तपास झाला, पण गुन्हेगार मिळाला नाही. आजही मिळालेला नाही. आपण ते दृश्य पाहू शकतो याचे श्रेय बरेचसे त्या मालिकेच्या भक्तांना आहे. त्यांतले काही जण तो भाग घरी टेपवर उतरवून घेत होते.

युक्ती मुळात हॅनिंग्टनचीच. स्टुडिओकडून मनोऱ्याकडे जाणारा दुवा हेरायचा आणि मनोऱ्याच्या झेलणाऱ्या तबकडीवर आपली जास्त जोरकस लहर मारायची. मग मनोरा इमानेइतबारे आपले काम करतो. आपल्याला मिळालेले वेडेविद्रे सोंग तो पूर्ण ताकदीने लाखो घरांत पोचवतो.

आता अशा दुव्यांना सांकेतिक कुलपे असतात आणि जुने प्रक्षेपण बहुतेक ठिकाणी गेले आहे. म्हणून धोका टळला असे मात्र नाही. 11 फेब्रुवारी 2013 रोजी अमेरिकेतल्या माँटाना राज्यात ग्रेट फॉल्स येथील वाहिनीवर संकटकाळच्या इशाऱ्याचा भोंगा वाजला आणि थडग्यांतून मृतदेह उठून जिवंत माणसांवर हल्ले करीत आहेत, असा गंभीर आवाजातला इशारा ऐकू आला. मिशिगनमधल्या वाहिन्यांवरही तसेच झाले. या वेळी डोंगरावर चढण्याचीही गरज पडली नव्हती. इशारा देणारी यंत्रे इंटरनेटला जोडलेली होती आणि कारखान्यातून आलेला परवलीचा शब्द कोणी बदललाच नव्हता. नवे कुलूप घ्यावे आणि किल्ली त्यालाच अडकवून ठेवावी, त्यातला प्रकार.

हे सगळे वाचल्यावर माझ्या एक गोष्ट ध्यानात आली. या घटनांत भयंकर असे काय होते? मुखवटा तर जत्रेत मिळतो. परग्रहावरच्या पाहुण्याचा उपदेश तर शाळेच्या सुविचारासारखा होता. भय त्या मजकुरात नव्हते. भय होते ते जागेत. रोज ज्या पडद्यावर आपण हवामान ऐकतो, पिकांचे भाव ऐकतो, ज्याच्या शब्दावर शंका घेण्याचे आपल्या मनातही येत नाही, त्याच जागेवरून परका बोलू लागतो; आणि आपण त्याला थांबवू शकत नाही, उलट प्रश्न करू शकत नाही. घरातल्या माणसाच्या तोंडून अनोळखी आवाज यावा, तसे ते आहे. आपल्याकडे याला अंगात येणे म्हणतात, आणि म्हणूनच दूर अमेरिकेतली ही गोष्ट आम्हाला गच्चीवर बसल्या बसल्या ओळखीची वाटली असावी.

पण याहून पुढची गोष्ट मला कळली ती पुस्तकांतून नव्हे. दिवाळीच्या सुटीत मावशीकडे गेलो, तेव्हा बहिणीला मी सगळे नीट सांगितले. वायोमिंगचे खोटेपण सांगितले, टँडींची तलवार सांगितली, मोबाइलमधून तसला सूर निघूच शकत नाही हे सांगितले. तिने शांतपणे ऐकले आणि म्हणाली, “ते मला दुसऱ्याच दिवशी वर्गातल्या मुलींनी सांगितलं, की हे सगळं खोटं असतं म्हणून. ही असली फीत माझ्याकडे आधीही आली होती. मी उघडलीच नव्हती.”

“मग या वेळी का उघडलीस?”

“तू पाठवली होतीस ना, दादा. तू कशाला खोटं पाठवशील?”

माझ्याजवळची सारी शास्त्रीय माहिती त्या एका वाक्यापुढे संपली. रात्रभर जागरण, उपाशी पोट आणि गणिताची धास्ती एवढ्यावर डोके दुखायला अवश्राव्य ध्वनी कशाला हवा? हॅनिंग्टनच्या मनोऱ्याने दूरच्या खऱ्या आवाजाला सोडून जवळचा खोटा आवाज उचलला, कारण तो जवळचा होता. माणसाचे मनही तसेच आहे. दूरच्या शंभर शहाण्यांपेक्षा जवळच्या एकाचे त्याला जास्त स्पष्ट ऐकू येते. शिकागोचा तो मुखवटेवाला निदान परका होता. त्या रात्री साडेअकरा वाजता मी मात्र घरच्या माणसाच्या जागेवरून बोलत होतो, आणि तोंडाला मुखवटाही नव्हता.

बाबा सांगतात, त्यांच्या लहानपणी दूरदर्शनवर कार्यक्रम मध्येच तुटला की पडद्यावर ‘रुकावट के लिए खेद है’ अशी पाटी येई, आणि सारे घर ती निमूटपणे पाहत बसे. सदर्न टेलिव्हिजननेही दिलगिरी व्यक्त केली होती, चूक दुसऱ्याची असून. इथे तर चूक माझीच होती. मी बहिणीजवळ क्षमा मागितली. ती हसली आणि म्हणाली, “बरं, आता गणित शिकव.”

सुटीचे उरलेले चार दिवस आम्ही दोघांनी अर्ध्या कोऱ्या राहिलेल्या त्या पेपरातली सगळी गणिते सोडवली. मोबाइल फळीवर ठेवला होता.